सात नंबरच्या खोलीतला दोरा

"भिंत काय कुणी पळवून नेणार आहे?"

हा प्रश्न कात्रीबाई आठ महिने रोज संध्याकाळी विचारत होत्या. सूनबाईने उत्तर द्यायला तोंड उघडलं की त्या स्वतःच पुढचा प्रश्न टाकायच्या, त्यामुळे उत्तर कधी बाहेर आलंच नव्हतं.

कात्रीबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. आपण शिवणकाम करतो म्हणून लोक तसं म्हणतात, असा त्यांचा समज होता. गल्लीतल्यांना विचारलं असतं तर दुसरं कारण कळलं असतं. समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर आलं की त्या कापायच्या. मग तो डॉक्टर असो, दूधवाला असो नाहीतर पोटचा लेक. "माणसाने कापडाचा तागा उलगडायला घेतला की मला शिवून झालेला सदरा दिसतो," असं त्या म्हणत. "टोकापर्यंत बघत बसायला मला सवड नाही." शाळाही त्यांनी अशीच चौथीत मधे कापली होती. पुढचं काय असणार ते कळलंच होतं म्हणे.

सूनबाई शहरातल्या नव्या कलेच्या संग्रहालयात कामाला होती. सात नंबरच्या खोलीत खुर्चीवर बसायचं, येणारी माणसं कशाला हात लावत नाहीत ना ते बघायचं आणि संध्याकाळी सुजलेले पाय घेऊन घरी यायचं, असं ते काम. बसून पाय सुजतात कसे, हा सासूबाईंचा दुसरा प्रश्न. आणि घरात एक चांगलं चालतं शिलाई मशीन धूळ खात असताना सुनेने भिंती राखाव्यात का, हा तिसरा. हे दुसरं मशीन मालकांचं, म्हणजे कात्रीबाईंच्या नवऱ्याचं. ते गेल्यापासून त्यावर चादर पांघरलेली होती, आणि ती चादर सुनेने काढावी अशी कात्रीबाईंची फार इच्छा. लेक बिचारा दोघींच्या मधे बसून ताटात बघत जेवायचा. त्याने मत दिलं असतं तर ते पूर्ण कुणी ऐकलं असतं?

येत्या एक तारखेला सूनबाई कामावर कायम होणार होती. तसं पत्र मिळायचं होतं. तेव्हा कात्रीबाईंनी निकाल लावायचं ठरवलं. एकदा येऊन बघते, म्हणाल्या. काम कामासारखं दिसलं तर पुन्हा अवाक्षर काढणार नाही. नाही दिसलं तर पत्र परत करायचं आणि पहिल्या तारखेपासून मशीनवर बसायचं. सूनबाईने "पण आई, तिथं" एवढं म्हटलं, आणि तेवढ्यालाच कात्रीबाईंनी होकार धरला.

कामावरच्यांच्या घरची माणसं दुपारी आत जाऊ शकत. कात्रीबाई इस्त्रीचे कपडे घालून, गळ्यात सवयीने टेप अडकवून निघाल्या. टेप घरी ठेवा असं सुचवायची कुणाची हिंमत झाली नाही.

दारावरच्या शिपायाने पिशवी उघडायला लावली. आतली छोटी कात्री त्याने काढून घेतली आणि त्यांच्या हातात सतरा नंबरचा पितळी बिल्ला ठेवला. जाताना बिल्ला द्या, कात्री घ्या. कात्रीबाईंनी त्याला विचारलं की आत काय चित्रांचे केस कापायला बसणार आहे का मी. पण नियम तो नियम. पिशवीच्या अस्तरात टोचलेली सुई मात्र त्याला दिसली नाही. सुई सापडायला डोळा लागतो, आणि तो पुरुषांना देवाने दिलेला नाही.

पहिल्या खोलीत भिंतीएवढं पांढरं कापड चौकटीत ताणून लावलं होतं, कोपऱ्यात एक काळा ठिपका. कात्रीबाईंनी जरा वेळ वाट पाहिली. रंगवणारा रंग आणायला गेला असेल. दुसऱ्या खोलीत मोडक्या खुर्च्यांचा ढीग होता. घर बदलताना असं होतं, पण लोक संध्याकाळपर्यंत आवरतात. तिसऱ्या खोलीत कोपऱ्यात एक बादली ठेवलेली, आणि वरून त्यात थेंब थेंब पाणी पडत होतं. हे त्यांनी बराच वेळ पाहिलं. शेवटी म्हणाल्या, "हे बरं आहे. कुणी केलं?"

"छताने," सूनबाई म्हणाली. "गळतंय ते, आई. परवापासून."

प्रत्येक कामाखाली एक पाटी होती. वर एक मोठा शब्द आणि खाली बारीक अक्षरांची रांग. कात्रीबाई अक्षराला अक्षर जोडून मोठा शब्द वाचायच्या आणि तिथेच थांबायच्या. चार खोल्या झाल्यावर त्यांनी सुनेला बाजूला घेतलं. हा निनावी कोण, म्हणाल्या, अर्ध्या घरभर त्याचंच काम दिसतंय आणि एक धड नाही. सूनबाईने समजावलं की निनावी म्हणजे कलावंताने नाव दिलेलं नाही.

"म्हणजे सुचलं नाही."

"सुचलं नाही असं नाही, आई, त्यांना वाटतं की बघणाऱ्याने"

"सुचलं नाही ते नाही, वर तोरा बघ," कात्रीबाई म्हणाल्या आणि पुढे निघाल्या. मनातल्या मनात त्यांनी दुसऱ्या मशीनवरची चादर काढलीसुद्धा.

सात नंबरची खोली आली. दारावर हाताच्या पंजाचं चित्र आणि खाली ठळक अक्षरांत 'हात लावू नका'. आत एक उंच, कडक लाकडी खुर्ची. बसलं की पाय जमिनीला टेकत नाहीत, लोंबकळतात. ते पाहून कात्रीबाईंना दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, पण ते कबूल करायला सवड झाली नाही. कारण समोरच्या भिंतीवर कापड होतं.

चित्र नव्हे, कापड. छतापासून गुडघ्याच्या उंचीपर्यंत लोंबणारं, बारा हात रुंद. जुन्या कपड्यांचे तुकडे एकमेकांना जोडून केलेलं. सदऱ्यांच्या बाह्या, कामाचे एप्रन, उशीचे अभ्रे, एका पडद्याची किनार, आणि खाली उजव्या कोपऱ्यात एक लहान पोरीचा निळा फ्रॉक, अख्खाच्या अख्खा. कात्रीबाई जवळ गेल्या. आधी कापड बघितलं, मग शिवण. शिवण बघून तोंड वाकडं झालं. फ्रॉकभोवतीची सगळी साखळी टाक्याची, पिठाच्या पोत्याच्या तोंडाला घालतात तसली. आणि फ्रॉकच्या कोपऱ्यातून एक लाल दोरा खाली लोंबत होता, चांगला हातभर. पाटीवरचा मोठा शब्द त्यांनी वाचला. निनावीच. खालची बारीक ओळ वाचायची गरजच नव्हती.

"दोरा लोंबतोय," त्या म्हणाल्या. "आठ महिने राखतेस आणि एवढा दिसला नाही तुला?"

"आई, त्या दोऱ्याचं"

"गिऱ्हाईक असता तर तोंडावर फेकला असता माझ्या."

तेवढ्यात दोन नंबरच्या खोलीकडून हाक आली. शाळेची पन्नास मुलं एकदम आली होती आणि खुर्च्यांच्या ढिगावर चढायला लागली होती. ज्याला येता येईल त्याने यावं. सूनबाई घोटाळली. खुर्ची रिकामी दिसता कामा नये असा तिथला नियम, आणि पहिली तारीख आठ दिवसांवर. तिने सासूबाईंना हाताला धरून खुर्चीवर बसवलं.

"दोन मिनिटांत आले. बसून राहा, कशाला हात लावू नका. फक्त त्या दोऱ्याला मात्र"

"कळलं मला," कात्रीबाई म्हणाल्या. "चाळीस वर्षं दोऱ्यातच गेली माझी. जा तू."

सूनबाई गेली. पोरं जिथे असतात तिथे दोन मिनिटं दोन मिनिटांची नसतात, हे काय सांगायला हवं?

खुर्चीवर बसलेलं माणूस दिसलं की लोक त्याला विचारतात. एक नवरा-बायको आली, कापडापुढे उभी राहिली, हळूच एकमेकांत बोलली आणि मग कात्रीबाईंकडे वळली. याचा अर्थ काय, असं त्यांनी विचारलं. अर्थ कात्रीबाईंना कुठला ठाऊक? कपडे मात्र ठाऊक होते. त्यांनी बसल्या जागेवरून बोट दाखवून सांगायला सुरुवात केली. तो पांढरा सदरा बघा, कॉलर एकाच बाजूने झिजलीय, म्हणजे हा गडी मान डावीकडे कलती करून काम करणारा. घड्याळजी असेल नाहीतर कारकून. तो एप्रन धुण्याचं काम करणारीचा, पोटाशी घासून पांढरा पडलाय, कारण बाई टबाला टेकून उभी राहते. त्या बाहीला कोपरावर तीनदा ठिगळ लावलंय, आणि तिन्ही वेळा वेगळ्या हाताने. पहिलं आईने, दुसरं बायकोने. तिसरं त्याने स्वतः, किती गचाळ आहे बघा.

लोक जमले. कुणी हसलं नाही. एका म्हाताऱ्या गृहस्थाने टोपी काढून हातात घेतली आणि त्या निळ्या फ्रॉकबद्दल विचारलं. कात्रीबाई खुर्चीवरून उतरल्या, हात न लावता वाकून बघितलं.

"पोर भरभर वाढणारी होती," त्या म्हणाल्या. "खालची मुडप बघा. आपण लहान पोरांचे कपडे शिवताना कापड आत दुमडून ठेवतो ना, पोर वाढलं की सोडायला? ही दोनदा सोडलेली आहे. आधीच्या दोन घड्यांच्या रेषा दिसतात. तिसरी मुडप आत आहे अजून. ती सोडलेली नाही."

"का?" त्या गृहस्थांनी विचारलं.

कात्रीबाईंनी पहिल्यांदाच उत्तर द्यायला वेळ घेतला. मग म्हणाल्या, "ते कापड सांगत नाही."

लोक पुढच्या खोलीत गेले. कात्रीबाई एकट्या उरल्या. त्या एकट्या आणि तो लाल दोरा.

खरं सांगायचं तर त्यांनी मन आवरून बघितलं. दुसरीकडे तोंड केलं. बिल्ल्यावरचा आकडा चारदा वाचला. पण ज्या बाईने चाळीस वर्षं एकाही कपड्याला लोंबता दोरा ठेवून दारातून बाहेर जाऊ दिलं नाही, तिच्यापुढे हातभर दोरा लोंबत ठेवणं म्हणजे मांजरापुढे दूध ठेवून वर त्याला इमानदारी शिकवणं. शिवाय फ्रॉक पोरीचा. पोरीच्या फ्रॉकला दोरा लोंबलेला बरा दिसत नाही. त्या उठल्या. कात्री दारावर होती. मग शिवणारे करतात तेच त्यांनी केलं. दोरा बोटाला दोन वेढे देऊन गुंडाळला आणि एक हिसका दिला.

करर्र.

तो आवाज त्यांच्या कानाने ओळखला, पण बोट तोवर पुढे गेलं होतं. साखळी टाक्याचं टोक उलट बाजूने ओढलं तर काही होत नाही. बरोबर बाजूने ओढलं तर एका दमात पोत्याचं तोंड उघडतं. हे त्या स्वतः गल्लीतल्या पोरींना शिकवायच्या. शिवण सरसर सुटत गेली, आणि निळा फ्रॉक भिंतीवरून सुटून अलगद त्यांच्या हातांत आला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. कात्रीबाई फ्रॉक हातात घेऊन उभ्या राहिल्या. पहिला विचार पळून जायचा आला नाही, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. पहिला विचार आला तो पहिल्या तारखेचा. खुर्ची सुनेची. खोली सुनेची. आणि त्या इथे आल्या होत्या ते सुनेने ही नोकरी सोडावी म्हणून. झालं की मग मनासारखं. काही न बोलता फ्रॉक खाली ठेवायचा आणि बसून राहायचं. सूनबाई संध्याकाळपर्यंत नोकरीतून मोकळी, आणि मशीनवरची चादर निघाली.

त्यांना ते अगदी स्वच्छ दिसलं. नेहमीसारखं टोकापर्यंत. आणि आयुष्यात पहिल्यांदाच पुढचं दिसलेलं त्यांना आवडलं नाही. आपलं माणूस आपल्या मशीनवर बसावं, पण ते दुसऱ्याने हाकललं म्हणून बसावं? उसवलेल्या माणसाला जोडून काय शिवायचं?

त्यांनी पिशवीच्या अस्तरातून सुई काढली. खुर्ची भिंतीजवळ ओढली. लाल दोरा होताच हातात, हवा तेवढा. डोळे बारीक करून सुईत ओवला, चौथ्या खेपेला गेला, आणि कापडाचा कोपरा मांडीवर ओढून त्याला फ्रॉक शिवायला बसल्या.

दहा टाके झाले असतील नसतील, दोन पोरी आत आल्या. दारातच थांबल्या. एकीने दुसरीचा हात धरला. पाय न वाजवता जवळ येऊन त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मागून आणखी चौघं आली. कात्रीबाईंच्या पाठीला घाम सुटला होता. पण हात थांबवला तर संशय येईल, म्हणून हात चालूच. लोकांनी त्याचा वेगळाच अर्थ लावला. एकाने फोनवर फोटो काढला. एका बाईने डोळे पुसले, देव जाणे कशाने.

"हे रोज असतं का?" कुणीतरी कुजबुजत विचारलं.

"आजच," कात्रीबाई मान वर न करता म्हणाल्या. ते तर खरंच होतं.

बातमी पुढच्या खोलीत गेली, तिथून त्याच्या पुढच्या. सातमध्ये एक म्हातारी जिवंत बसवलीय, चला. खुर्च्यांच्या ढिगापाशी पोरांना आवरणाऱ्या सूनबाईच्या कानावर ते शेवटी आलं, आणि तेही संग्रहालयाच्या मोठ्या बाईंच्या तोंडून. मोठ्या बाई तेव्हा ते कापड बनवणाऱ्या कलावंताला बरोबर घेऊन सात नंबरकडेच निघाल्या होत्या. सूनबाईने हातातलं पोर दुसऱ्याच्या हातात दिलं आणि धावली.

ती पोचली तेव्हा शेवटचा टाका पडत होता. कात्रीबाईंनी उलटी टीप घातली होती, एक पाऊल पुढे, अर्धं मागे, टाक्याला टाका भिडवून. बैल जुंपला तरी न उसवणारी. दुहेरी गाठ मारली, वाकून दातांनी दोरा तोडला आणि शिवणीवरून अंगठा फिरवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कात्रीबाईंनी मागे वळून बघितलं, तर टाळ्यांमध्ये तीन माणसं टाळी न वाजवता उभी होती.

कलावंत पन्नाशीचा, उंच, कोटाचं एक बटण तुटलेला. तो उजव्या कोपऱ्याकडे बघत होता, जिथे आता काही लोंबत नव्हतं.

"दोरा कुठे आहे?" त्याने विचारलं.

सूनबाई पुढे झाली. खुर्ची माझी, म्हणाली, मी खोली सोडून गेले, जबाबदारी माझी. पण तिचं वाक्य संपायला हवं ना. कात्रीबाईंनी ते मधेच कापलं.

"तिचं ऐकू नका. ती नव्हतीच इथे. दोरा मी ओढला. तिने सांगितलं होतं, कशाला हात लावू नका म्हणून. माझी चूक आहे. काय शिक्षा करायची ती मला करा, तिच्या पत्राला धक्का लावू नका."

सूनबाई सासूबाईंकडे बघतच राहिली. तीन वर्षांत 'माझी चूक' हे दोन शब्द तिने त्या घरात ऐकले नव्हते. नवऱ्याला सांगितलं तर त्याला खोटं वाटलं असतं.

"तुम्ही ओढला?" कलावंत म्हणाला. "स्वतःहून?"

"स्वतःहून. कुणी हात धरला नव्हता माझा."

तो मोठ्या बाईंकडे वळला. मोठ्या बाई पाटीकडे गेल्या आणि बोट ठेवून शेवटच्या बारीक ओळीपर्यंत सगळं मोठ्याने वाचलं. निनावी. जुने कपडे, सुती दोरा. आणि शेवटी, 'दोरा ओढा.'

मग मोठ्या बाईंनीच सगळं सांगितलं. आठ महिन्यांत हजारो माणसं या खोलीतून गेली. पाटी सगळ्यांनी वाचली. पण दारावर 'हात लावू नका' लिहिलेलं, समोर खुर्चीवर गणवेशातली बाई बसलेली, त्यामुळे ओढायचं धाडस एकालाही झालं नाही. काही जण तर दोऱ्यापर्यंत हात नेऊन परत फिरले. लिहिलंय तेवढंच, वर तोंडाने कुणाला सांगायचं नाही, अशी कलावंताची अट. दर महिन्याला तो येऊन कोपऱ्यात बघून जायचा.

"मी तेच सांगत होते, आई," सूनबाई हळूच म्हणाली. "फक्त त्या दोऱ्याला मात्र हात लावलेला चालतो, असं."

कात्रीबाईंनी पाटीकडे बघितलं. चौथीत शाळा सोडलेल्या माणसालाही वाचता येईल अशी ती दोनच शब्दांची ओळ होती. फक्त तिथपर्यंत जायला हवं होतं.

"मग उसवलं कुठे आहे?" कलावंताने विचारलं.

"शिवलं," कात्रीबाई म्हणाल्या.

"शिवलं?"

"उसवलेलं तसंच टाकून उठायची पद्धत नाही माझ्याकडे."

तो पुढे आला. फ्रॉकच्या कडेला धरून त्याने हळूच ओढून बघितलं, मग जोरात. टाका हलला नाही. मोठ्या बाईंनी हातातली वही उघडली आणि त्यांची पंचाईत झाली. वहीत कामाला हात लावल्याचा रकाना होता, पण इथे हात लावायची परवानगी होती. नुकसानीचा रकाना होता, पण नुकसान झालं म्हणावं तर कापड पहिल्यापेक्षा मजबूत झालेलं. कुणी येऊन परवानगी नसताना दुरुस्ती केली तर काय लिहायचं, याला रकानाच नव्हता. ओढणं माफ होतं, गुन्हा झाला असलाच तर तो शिवण्याचा. खोली सोडल्याबद्दल सुनेला काही लिहावं, तर नियमात 'खुर्ची रिकामी नसावी' एवढंच, आणि खुर्ची रिकामी नव्हती, हे सांगायला तीसेक साक्षीदार हजर. त्यांनी वही मिटली.

मघाचे टोपीवाले गृहस्थ गर्दीबरोबर परत आले होते. ते कलावंताला सांगू लागले की या बाईंनी कपडे कसे वाचून दाखवले, कॉलर, एप्रन, आणि या फ्रॉकची तिसरी मुडप.

कलावंताने वाकून फ्रॉकची मुडप बोटांनी चाचपली.

"माझ्या धाकट्या बहिणीचा," तो म्हणाला. "तिसरी मुडप सोडायची वेळ आली नाही. बाकी सगळे कपडे मी पक्के जोडले. हा एक मुद्दाम कच्चा ठेवला. माझ्या हाताने सोडवत नव्हता. म्हटलं, कुणी परकं माणूस येईल, ओढेल, सुटेल एकदाचा."

कात्रीबाई त्याच्या कोटाकडे बघत होत्या. तुटलेल्या बटणाच्या जागी काळा दोरा लोंबत होता. त्यांची बोटं शिवशिवली, पण त्यांनी हात मागे बांधले.

"सोडायचाच असेल तर आत्ता उसवून देते," त्या म्हणाल्या. "मीच शिवलंय, मला लगेच सुटेल. तू सांग."

त्याने पुन्हा एकदा शिवणीवरून बोट फिरवलं. "नको," म्हणाला. "राहू दे, मावशी. चांगलं बसलंय."

मग त्याने मोठ्या बाईंना पाटीवरची शेवटची ओळ काढायला सांगितली. खोलीतून जाताना त्याने एकदा आपल्या बटणाच्या जागेकडे बघितलं, एकदा कात्रीबाईंकडे, आणि कोट अंगाशी घट्ट धरला.

सूनबाईची सुटी झाल्यावर दोघी निघाल्या. दारातून बाहेर पडताना सूनबाई म्हणाली, "आई, तुमची"

"पिशवी आहे माझ्याकडे," कात्रीबाई म्हणाल्या.

कोपऱ्यावर वळताना ती पुन्हा म्हणाली, "आई, तिथे दारावर"

"शिपाई होता, माहितीय. बावळट आहे."

बसमध्ये खिडकीपाशी जागा मिळाली. कात्रीबाई सुनेच्या सुजलेल्या पायांकडे बघत होत्या. त्या खुर्चीला बेताची गादी शिवायची आणि पाय टेकवायला खाली एक पाट करून घ्यायचा, असं त्यांच्या मनात चाललं होतं. मापं घ्यायची राहिलीच, टेप गळ्यात असून. पुढच्या वेळी.

"आई," सूनबाई म्हणाली.

कात्रीबाईंच्या जिभेवर उत्तर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. घशातून खाली जाताना ते टोचलंही असेल.

"बोल," त्या म्हणाल्या. "पूर्ण बोल."

"तुमची कात्री दारावरच राहिली."

कात्रीबाईंनी मूठ उघडली. सतरा नंबरचा बिल्ला दुपारपासून हातातच होता, तळव्यावर त्याचा गोल वळ उमटला होता. त्यांनी तो सुनेच्या हातात दिला.

"उद्या कामावर जाशील तेव्हा घेऊन ये," त्या म्हणाल्या. "आज एक दिवस तिच्याशिवाय राहून बघते."

सूनबाईने बिल्ला पर्समध्ये टाकला. उद्या, आणि कामावर, हे दोन्ही शब्द तिने नीट ऐकले होते. मग म्हणाली की भिंत कुणी पळवून नेत नाही हे खरं आहे, पण आठ महिन्यांपूर्वी पहिल्याच दिवशी त्या खोलीत एक बाई आली होती. आणि मग ती बोलत राहिली. त्या बाईचं झालं, मग रोज दुपारी येऊन फक्त एप्रनपुढे उभं राहणाऱ्या माणसाचं झालं, मग खोली रिकामी असताना कापडाकडे बघून तिला काय वाटायचं ते. सुनेचं वाक्य केवढं लांब असतं, हे कात्रीबाईंना तीन वर्षांत पहिल्यांदाच कळत होतं.

त्या ऐकत राहिल्या. घराचा थांबा आला आणि मागे गेला. दोघींनाही तो दिसला होता. पण मधे बोलायचं कुणी?